पुष्प चौथे

नीलम्माला बघायला शिवलिंगप्पा आला तेव्हा त्यानं तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाला, "वाच." शिवलिंगप्पा बी. ए. झालेला. सोलापूरच्या लिंगायत व्यापाऱ्यांत असा मुलगा तेव्हा एखादाच. नीलम्माच्या घरात कानडी बोलत, दुकानात मराठी. मुलींना मात्र दोन्हीतलं एकही अक्षर येत नव्हतं. तिनं कागद उलटा धरला. आधी शिवलिंगप्पा हसला, मग पाहुणे हसले, आणि चहा घेऊन आलेला तिचा सख्खा काकाही हसला. ते लग्न जमलं नाही याचं तिला काही वाटलं नाही. काकाचं हसणं मात्र तिच्या मनातून कधी गेलं नाही.

पुढं पंचाक्षरीशी तिचं लग्न झालं. त्याचा सुताचा व्यापार. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या दाखवून त्यानं तिला वाचायला शिकवलं, आणि मग ती हाताला लागेल ते वाचू लागली.

एकदा माहेरी मसाल्याच्या डब्याखाली तिला एक कादंबरी सापडली. सुरुवातीची पानं फाटलेली. एक शिकलेला मुलगा मुलगी बघायला जातो, मुलगी वर्तमानपत्र उलटं धरते, 'जणू म्हशीपुढे आरसा धरावा'. चहा घेऊन येणारा काकासुद्धा होता. शेवटी लेखकानं बजावलं होतं, 'बायकांच्या हाती लाटणेच शोभते, पुस्तक नव्हे.' नीलम्मानं ते पुस्तक चुलीत घातलं. लिहिणारा कोण हे तिला कळलं होतं, पण त्याचं नाव कुठंच नव्हतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. शिवलिंगप्पाचं गावात वजन वाढलं. स्त्रीशिक्षणावर तो व्याख्यानं देऊ लागला. समाजानं मुलींची शाळा काढायचं ठरवलं तेव्हा अध्यक्ष म्हणून त्याचंच नाव पुढं आलं. त्यात त्याची 'नव्या मनूची नायिका' ही कादंबरी निघाली आणि पेठेतल्या वाचनालयानं त्याचा सत्कार ठरवला. पंचाक्षरी वाचनालयाच्या कमिटीवर होता, म्हणून ती कादंबरी घरी आली. नीलम्मानं उघडली. तीच मुलगी, तोच कागद, तीच म्हैस आणि तोच आरसा. फक्त शेवटी मुलगी नवऱ्याच्या पायाशी बसून लिहायला शिकते.

दुसऱ्या दिवशी ती जुनी कादंबरी मागायला वाचनालयात गेली. ग्रंथपाल रामहरी बडोद्याला शिकून आलेला होता. त्यानं जुन्या याद्या मोडून कार्डांचे खण केले होते.

"लेखक कोण?" त्यानं विचारलं.

"ठाऊक न्हाय."

"पुस्तकाचं नाव?"

"ते बी न्हाय. पानं फाटली होती."

"मग मी शोधू कशावरून, बाई?"

"पानांच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती की. गृहकल्याण माला, पुष्प चौथे."

"हे आधी सांगायचं! मालांची कार्डं मी वेगळी लावलीत." त्यानं एक खण ओढला, बोटानं कार्डं सारत गेला आणि थांबला. "पुष्प चौथे. 'अजाण वधू'. लेखक, एक पदवीधर."

ते पुस्तक वरच्या फळीवर होतं. रामहरीनं दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी ठेवून पानं ताडून पाहिली. पात्रांची नावं आणि शेवटचं प्रकरण सोडलं, तर सगळं एकच होतं.

"एकच पुस्तक दोन नावांनी आलं, तर दोन्ही पहिल्या नावाखाली लावायची असतात," तो म्हणाला. "नव्याच्या कार्डावर 'मूळ नाव, अजाण वधू' असं लिहावं लागेल."

"लिवा. पण सत्कार होईस्तवर कुणाला दावू नका."

पंचाक्षरीला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सोड गं. आपल्याच समाजाचा माणूस आहे."

"मी बी समाजाचीच होते की," ती म्हणाली.

सत्काराला हॉल भरला होता. हार झाले, भाषणं झाली. शिवलिंगप्पा आभार मानून खाली बसणार, तोच बायकांच्या बाजूनं नीलम्मा उठली. हातात दोन पुस्तकं होती.

"अण्णा, एक विचारायचं हाय. 'अजाण वधू' तुमीच लिहिली, का 'नव्या मनूची नायिका' तुमी त्यातनं चोरली?"

कुणीतरी हसलं. शिवलिंगप्पानं तिच्या हातातल्या पुस्तकांकडं पाहिलं. चोर ठरण्यापेक्षा दुसरं बरं असं त्याला वाटलं असावं.

"ते माझंच पुस्तक. तरुणपणीचं लिखाण."

"मग शेवट वाचते," असं म्हणून तिनं लाटण्याचं ते वाक्य सावकाश, खणखणीत आवाजात वाचलं. मग शाळेसाठी देणगी गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या चंद्रव्वाकडं वळून ती म्हणाली, "शाळेचा अध्यक्ष असा पायजे, व्हय?"

चंद्रव्वा उठून निघून गेली. तिच्यामागं बायकांच्या रांगाच्या रांगा उठल्या. अध्यक्षपद दुसऱ्याला गेलं आणि पेठेत शिवलिंगप्पाला लोक 'एक पदवीधर' म्हणू लागले.

काही आठवड्यांनी तो पंचाक्षरीच्या घरी आला. पार उतरला होता. "वाचनालयातली तेवढी कार्डं वेगळी करून द्या," तो पंचाक्षरीला म्हणाला. "कोण माझं नवं पुस्तक मागायला गेलं की तेच जुनं नाव पुढं येतं."

पंचाक्षरीनं बायकोकडं पाहिलं. त्याच्या मनात हो म्हणायचं होतं.

"न्हाय," नीलम्मा म्हणाली.

"मी तुमचं काय वाईट केलं हो, अक्का? आपली तर ओळखसुद्धा नाही."

नीलम्मानं त्याचा चेहरा न्याहाळला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्यानं माफी मागितली असती, आणि तिला माफी नको होती.

"चहा घेऊन जावा," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.