दारात न लागलेला कंदील

मी एक जुना कागदी कंदील आहे. जुना म्हणजे पाचच वर्षांचा, मित्रांनो. पण माझ्या जातीला मुळात एकच उन्हाळा मिळतो. आमच्या जपानात घरातलं कुणी गेलं, की त्याच्या पहिल्या बोन सणाला, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, आम्हा पांढऱ्या कंदिलांना दारात टांगतात, नव्या आत्म्याला घराची वाट दिसावी म्हणून. सण संपला, की नदीकाठी जाळतात. मला मात्र कुणी जाळलंच नाही, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मला आणलं किनूने. तिचा नवरा तोकुजी रशियाशी लढताना पोर्ट आर्थरच्या टेकडीवर पडला. घरी आली ती एक छोटी पेटी, आत थोडेसे केस. मला पाहताच तिच्या सासूबाई, सावाबाई, कडाडल्या, "कुणाचे केस कोण जाणे! हा दारात लागला म्हणजे माझा पोरगा मेलाच की! खबरदार टांगशील तर!" बिचारी किनू! तिने मला मुकाट्याने फडताळात ठेवलं.

त्याच आठवड्यात विजयाची मिरवणूक निघाली. आळीचे मुखिया गेनपाची दारात आले. "अहो सावाबाई, सैनिकाच्या घरचा कंदील नको का? लोक काय म्हणतील!"

बाजारात एकही कंदील उरला नव्हता. सावाबाईंनी मलाच ओढून काढलं, कुंचला लाल रंगात बुडवला आणि माझ्या पोटावर झेंड्यावर असतो तसा भला मोठा सूर्य काढला. "घ्या! झाला की नाही विजयाचा कंदील?"

मग काय विचारता! कधी विजय, कधी तह, कधी नवी युद्धनौका. देश फुगत चालला आणि मी मिरवत राहिलो. "बान्झाई!" या जयघोषात सगळ्यांत मोठा आवाज सावाबाईंचा असे. लोक कौतुक करत, तेव्हा मलाही बरं वाटे, खोटं कशाला बोलू? पण बोन आला की मी पुन्हा फडताळात. शेजारच्या दारांत दिवे लागत आणि माझी नुसती तगमग होई. तोकुजी अंधारात कुठे चाचपडत असेल? त्याला वाट दाखवायचं काम माझं होतं ना!

यंदा आपल्या लोकांनी अख्खा कोरियाच गिळला. पुन्हा मिरवणूक! सावाबाई अंथरुणाला खिळलेल्या. किनू मला घेऊन निघाली.

"थांब गं. तो कंदील दारात टांग."

"आई, बोन होऊन गेला की."

"ठाऊक आहे गं बाई. एवढं सगळं जिंकून आणलं, पण माझं पोर काही घरी आलं नाही. मीच त्याला बाहेर ताटकळत ठेवलं. लाव दिवा."

किनूने मला दारात टांगून वात लावली. मी उजळलो. तेवढ्यात मिरवणूक आली. माझा लाल सूर्य पाहून गेनपाची ओरडले, "वा, सावाबाई! आजारपणातही विसरला नाहीत! बान्झाई!" सारी आळी गरजली. आतून सावाबाई हळूच म्हणाल्या, "किनू, पाय धुवायला पाणी ठेवलंस ना? फार लांबून चालत आलाय."

मित्रांनो, उद्या सकाळी मला नदीकाठी जाळतील. त्याआधी एवढंच मागतो. दारात दिवा दिसला, तर जयजयकार करण्याआधी तो कुणासाठी लावलाय, ते घरच्यांना विचारा.