मागचे पाय

एका सिनेमातला प्राणी म्हणजे भोपू. म्हशीएवढा, केसाळ, गावाला नकोसा आणि एका पोरीला जिवापाड आवडणारा. शेवटी सगळं गाव त्याला "तू आमचाच" म्हणतं, अशी गोष्ट. आता भोपूच्या पोटात दोन माणसं असायची, हे सांगायलाच हवं. पुढचे पाय ताईचे, मागचे काकांचे. काका तिचे कुणी लागत नव्हते. पण अकरा वर्षं असल्या एकेका कातड्यात पुढे-मागे घाम गाळल्यावर आणखी काय लागायचं राहतं?

मागच्याला आत काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून काका ताईच्या कमरेचा पट्टा धरायचे. आपले पाय नीट टेकले की तो दोनदा ओढायचे, मग ताई पुढचं पाऊल टाकायची.

शेवटच्या प्रसंगाच्या सकाळी दिग्दर्शक म्हणाला, "काकांना आजपासून सुट्टी. वय झालंय, सारखे थांबतात. मागचा भाग कॉम्प्युटरवर करून घेऊ." गुडघ्यांवरच्या पट्ट्या सोडून काका दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करारावर सही होती, म्हणून ती मुकाट्याने एकटी आत शिरली.

कॅमेरा सुरू झाला. दोन्ही बाजूंना गाव, समोर हात पसरलेली पोरगी. भोपूने एक पाऊल टाकलं आणि तो जागीच थांबला.

"अहो, चला की!" दिग्दर्शक ओरडला.

ताई कसली चालतेय! पट्टा ओढलाच गेला नव्हता. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. पाय काही ऐकेनात. तेव्हा मात्र तिने भोपूचं डोकं उपसून काढलं आणि धप्पकन जमिनीवर ठेवलं.

"काका आत येतील, नाहीतर मी बाहेर."

"मी दुसरी कुणी आणीन."

"आणा की! जगाला सांगताय, कुणाला परकं करू नका. आणि इथे आपल्याच माणसाला हाकलताय? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

लाइटवाल्याने हातातली वायर खाली टाकली. पोरगी येऊन ताईच्या शेजारी फतकल मारून बसली, ती उठेचना. दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. लहान मुलांच्या नियमाप्रमाणे दुपारनंतर पोरीला थांबवता येणार नव्हतं. अडला हरी!

"बोलवा काकांना," तो पुटपुटला.

पण काका कुठले उठायला! ताईला म्हणाले, "मला कुणाची दया नको, पोरी."

"दया?" ताईचा आवाज फुटला, मान मात्र ताठच. "लोकांना वाटतं मी तुम्हाला ओढत नेते. मला एकटीला चालताच येत नाही, काका. सगळ्यांसमोर सांगतेय. आणखी काय ऐकायचंय?"

काकांनी गुडघ्यांवर पट्ट्या पुन्हा बांधल्या. मग उठले आणि वाकून कातड्यात शिरले.

"भोपू तयार?" दिग्दर्शकाने हाक दिली.

"भोपूला काय विचारता? काकांना विचारा," ताई म्हणाली.

दिग्दर्शक भोपूच्या मागच्या बाजूला गेला. आजवर त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"काका, तयार आहात का?"

भोपूच्या पोटातून खणखणीत उत्तर आलं, "नाही अजून. थांबा जरा."