डबा चिवचिवला की हात पुढे

मी एक जुना डिजिटल गजर आहे. मित्रांनो, कुठल्याही कारखान्यात माझा जन्म झालेला नाही. धुळ्यात मगन यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. एका बिघडलेल्या परदेशी घड्याळातले लाल आकडे त्यांनी काढून घेतले, दारावरच्या एका मोडक्या घंटीतला चिमणीचा आवाज घेतला आणि दोन्ही प्लास्टिकच्या पांढऱ्या डब्यात बसवून तारांनी जोडले. तो डबा म्हणजे मी. माझे बटण दाबले की मी चिवचिवायचो आणि आकडे उलटे उतरू लागायचे. शून्य आले की पुन्हा चिवचिव. आकडे किती मोठे घ्यायचे ते मागच्या खटक्याने ठरवता यायचे.

मला बनवण्याचे कारण म्हणजे मगन यांची मुलगी हर्षदा. घरात तिला हर्षू म्हणत. ती अजून शाळेत जात नव्हती, नुकतीच बालवाडीत बसू लागली होती. तिच्या पोटात सारखे जंत व्हायचे. जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवा, नखे कापा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण साबण दिसला की हर्षू खाटेखाली शिरायची. तिची आई प्रमिलाबाई जळगावच्या पिंप्राळ्यातल्या. त्या ओरडायच्या, मुलगी रडायची आणि मोरीत रोज भांडण व्हायचे.

"अहो, हिला माझा आवाजच नकोसा झालाय," प्रमिलाबाई एकदा म्हणाल्या.

"मग दुसरा आवाज आणतो," मगन म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते मला घरी घेऊन आले.

माझी पहिली चिवचिव ऐकून हर्षू खाटेखालून बाहेर आली. माझ्यात चिमणी कुठे बसली आहे ते तिने सगळ्या बाजूंनी शोधले. "चिमणी म्हणते, माझे आकडे संपेपर्यंत हात चोळ," आईने सांगितले. हर्षूने हात चोळले. आकडे संपल्यावर मी पुन्हा चिवचिवलो आणि ती खुदकन हसली. त्यानंतर दात घासणे, जेवणाआधी हात धुणे, दुपारी झोपण्याआधी पेलाभर पाणी पिणे, हे सारे माझ्या आवाजावर होऊ लागले. मी चिवचिवलो की ती दोन्ही हात पुढे करून उभी राहायची.

माझी कीर्ती गल्लीत पसरली. बालवाडीच्या सुनंदाबाई मला मागून नेऊ लागल्या. खाऊच्या वेळी बालवाडीतली मुले नळापाशी रांग लावत आणि आकडे शून्यावर यायच्या आत कोणी हात काढला की बाकीची त्याला ओरडत. आया दारात उभ्या राहून पाहत. "मगनभाऊ, आमच्यासाठीही एक चिमणी कोंडा की डब्यात!" असे एकीने म्हटल्याचे मला आठवते. तेव्हा मला फार अभिमान वाटला.

घरात एकच व्यक्ती माझ्यावर नाराज होती. मगन यांच्या आई, सुंदरबाई. त्या अहिराणी बोलत. "मन्ही नात डब्बानं ऐकस, मन्हं नही," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. एकदा माझे सेल संपले, तेव्हा हर्षू ताटावर हात पुढे करून तशीच बसून राहिली. घास घेईना आणि मोरीतही जाईना. सुंदरबाई सुनेला म्हणाल्या, "डब्बा बंद पडना ते पोर उपाशी ऱ्हाई का?" प्रमिलाबाई हसल्या. मगन यांनी नवे सेल घातले आणि तो विषय तिथेच मिटला.

खरे तर तो विषय तिथे मिटायला नको होता.

१९८९ सालच्या मे महिन्यात सुंदरबाईंच्या भावाच्या घरी लग्न निघाले. गाव दोंडाईचाजवळचे. सगळे घर निघाले. प्रमिलाबाईंनी मला पिशवीत घेतले. पण मांडवात पोहोचल्यावर त्यांनी पिशवीत हात घातला, तोच सुंदरबाईंनी त्यांचा हात धरला. "आठे नको काढू ते. बठ्ठा लोक हासतीन."

प्रमिलाबाई सासरच्या माणसांत होत्या. त्यांनी मला पुन्हा कपड्यांखाली सरकवले. पंगत बसली. मला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. बट्टी आणि वांग्याची भाजी वाढणाऱ्यांचा गलका चालला होता. त्यात हर्षूचा आवाज आला, "चिवचिव कुठे?"

"आज राहू दे. जेव पटकन, मागे लोक उभे आहेत," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"पण चिवचिव?"

"आजच्या दिवस राहू दे म्हटलं ना!"

हर्षू तशीच जेवली. त्या दिवशी मांडवात पाणी ड्रममधले होते. प्रत्येक जण त्यात हातासकट पेला बुडवत होता. पुढे जे झाले ते न धुतलेल्या हातांमुळे झाले की त्या पाण्यामुळे, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. कोणालाच सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नघरात जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. सर्वांत आधी नवऱ्यामुलाचे काका तोताराम आडवे झाले. त्यांचे हातपाय गार पडले, तेव्हा गावातली एकुलती जीप काढून त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. धरून बसायला मगन सोबत गेले. ते गेले तेव्हा हर्षू अंगणात खेळत होती. जीप दिसेनाशी झाली आणि काही वेळाने हर्षूला पहिली उलटी झाली.

ऊन चढत गेले तशी ती मलूल होत गेली. जुलाबामागून जुलाब होत होते. डोळे आत गेले, ओठ सुकले. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हते. प्रमिलाबाईंनी पेला तोंडाशी नेला, तर सुंदरबाईंनी तो काढून घेतला.

"पानी नको देऊ तिले. जितलं पाजशी तितलं पडी."

जमलेल्या बायकांनी माना हलवल्या. त्या घरांमध्ये असेच करत आले होते. जुलाब लागले की पाणी बंद, पोटाला फडके आणि मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायची. सुंदरबाईंनी तेही करून झाले होते. त्यांचे नातीवर प्रेम नव्हते असे समजू नका. त्या तिच्या उशापासून हलत नव्हत्या.

तेवढ्यात आरोग्य केंद्रातल्या नर्स कमलबाई आल्या. घराघरांत आजारी माणसे होती, त्या धावपळ करत होत्या. त्यांनी हर्षूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही.

"शेवटची शू कधी केली हिने?"

प्रमिलाबाईंना आठवेना. सकाळपासून केलेलीच नव्हती.

"पाणी देताय ना?"

प्रमिलाबाईंनी सासूकडे पाहिले. मग सुंदरबाई म्हणाल्या, "मीच बंद कयं."

"आजी, मिरचीचं रोप उन्हात सुकायला लागलं की त्याचं पाणी तोडता का तुम्ही?"

"रोपले जुलाब नही व्हतस," सुंदरबाईंनी ताडकन उत्तर दिले.

एरवी सगळे हसले असते. कमलबाईंनी पिशवीतून मीठ-साखरेची पुडी काढली आणि उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली. "ऐका. अंगातलं पाणी चाललंय, ते परत भरायचं. पण एकदम पाजू नका, उलटी होईल. एकेक चमचा, थोड्या थोड्या वेळाने, न थांबता. जीप आली की हिला धुळ्याला न्यायचं. तोवर शू झाली तर समजा धोका टळत आलाय. नाही झाली तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. पलीकडच्या घरातून हाक आली आणि त्या गेल्या.

प्रमिलाबाईंचा धीर सुटला होता. त्यांनी चमच्याऐवजी पेलाच मुलीच्या तोंडाला लावला. हर्षू तहानलेली होती. ती घटाघट प्यायली आणि सगळे उलटून पडले.

"दख! मी सांगस ते कोनी ऐकस का?" सुंदरबाई म्हणाल्या.

आता हर्षूने दात घट्ट मिटले. चमचा ओठांना लागला की मान फिरवायची. आईने गाल दाबून पाहिले. एका बाईने नाक धरायला सांगितले. पाणी हनुवटीवरून ओघळत होते आणि पोटात काहीच जात नव्हते. जीपचा पत्ता नव्हता.

तेव्हा प्रमिलाबाई उठल्या आणि त्यांनी पिशवी उपडी केली. कपड्यांबरोबर मी जमिनीवर पडलो. त्यांनी सगळ्यांदेखत मला उचलले, मागचा खटका सरकवला आणि बटण दाबले. लोक हसतील याचा विचार आता त्यांच्या मनात नव्हता. कोणी हसलेही नाही.

मी चिवचिवलो.

हर्षूने डोळे उघडले. मग हळूच, जड झालेले दोन्ही हात तिने पुढे केले. चिवचिव म्हणजे हात धुणे, एवढे तिला त्या ग्लानीतही ठाऊक होते. प्रमिलाबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी तिचे हात धुतले, पुसले आणि त्याच हातात चमचा दिला. "चिमणीला तहान लागली, हर्षू. ती एक घोट पिते, तू एक घोट पी." मुलीच्या हाताखाली त्यांनी आपला हात धरला. चमचा तोंडाशी गेला, दात उघडले आणि घोट आत गेला.

आम्ही सगळे उलटीची वाट पाहत राहिलो. उलटी झाली नाही.

आकडे उतरले. चिवचिव. चमचा. पुन्हा आकडे. असे किती वेळ चालले ते मी मोजले नाही. मध्ये एकदा उलटी झाली, तेव्हा प्रमिलाबाई थोड्या थांबल्या आणि पुन्हा चमचा भरला. या वेळी सुंदरबाईंनी तिचे तोंड पुसले. नातीला त्यांनी आपल्या मांडीवर घेतले होते.

पण दुपारच्या त्या उकाड्यात माझी शक्ती ओसरत चालली होती. लाल आकडे आधी फिकट झाले. मग आवाज चिरकला. घरातल्या पुरुषांनी टॉर्चमधले सेल काढून आणले, ते जाडजूड होते, माझ्यात बसेनात. गावातले दुकान बंद होते, कारण दुकानदार स्वतःच जुलाबाने आडवा झाला होता. माझे शेवटचे आकडे मध्येच विझले. प्रमिलाबाईंनी बटण पुन्हा पुन्हा दाबले.

मी गप्प झालो.

हर्षूने माझ्याकडे पाहिले. चमचा पुढे आला, तिने दात मिटले. "पी गं, बाळा," आई म्हणाली. दात उघडेनात. "पी ना गं!" प्रमिलाबाईंचा आवाज फाटला आणि हर्षूने तोंड फिरवून आजीच्या लुगड्यात खुपसले.

मी काहीच करू शकत नव्हतो, मित्रांनो. मी तारा आणि आकडे जोडून केलेला डबा.

सुंदरबाईंनी माझ्याकडे पाहिले, सुनेकडे पाहिले. मग त्यांनी दात नसलेले तोंड आवळले आणि ओठांतून आवाज काढला. तो चिमणीसारखा नव्हता. धड शिट्टीही नव्हती. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

"चिव... चिव, चिव."

दारातल्या एका बाईने तोंडाला पदर लावला. सुंदरबाई तिच्याकडे न पाहता सुनेला म्हणाल्या, "डब्बा थकी गया. मी शे ना आठे. भर चमचा."

हर्षूने तोंड बाहेर काढून आजीच्या ओठांकडे बघितले. आजी पुन्हा चिवचिवली. हर्षूचे हात पुढे आले. ज्या आजीने सकाळी पेला काढून घेतला होता, तीच आता थांबून थांबून चिवचिवत होती आणि सून चमचा भरत होती. सुंदरबाईंच्या घशाला कोरड पडली, तेव्हा त्यांनी त्याच भांड्यातले एक चमचा पाणी स्वतः घेतले. ते पाहून हर्षूने दोन घेतले.

ऊन भिंतीवरून खाली सरकले. जीप अजून आली नव्हती.

एकाएकी सुंदरबाई थबकल्या. त्यांनी मांडीखाली हात घालून पाहिला, हात नाकाशी नेला आणि ओरडल्या, "बई वं! लुगडं वल्लं व्हई गयं!"

प्रमिलाबाई चमचा हातात धरूनच रडू लागल्या. लग्नातले नवे लुगडे भिजले होते, पण सुंदरबाई जागच्या हलल्या नाहीत. "शू कयी मन्ही पोरनी, शू कयी!" असे त्या दारातल्या प्रत्येकीला सांगत राहिल्या. कमलबाई परत आल्या, त्यांनी कातडी चिमटीत धरून पाहिली आणि "चालू ठेवा" एवढेच म्हणाल्या. जीप आल्यावर हर्षूला धुळ्याला नेले. चार दिवसांत ती घरी परतली. तोताराम काकाही वाचले.

घरी आल्यावर मगन यांनी मला नवे सेल घातले. पण त्या दिवसानंतर प्रमिलाबाईंनी नेम बदलला. बटण दाबून त्या स्वयंपाकाकडे वळत नसत, मोरीत हर्षूशेजारी बसून स्वतःचेही हात चोळत. मग कधी मी चिवचिवायचो, कधी सुंदरबाई, कधी कोणीच नाही. हळूहळू कोणीच नाही, हेच जास्त होऊ लागले. हर्षू शाळेत जाऊ लागली आणि मी दुकानाच्या फळीवर आलो. सेलमधले पाणी गळून माझ्या तारांना हिरवा गंज चढला आहे.

कधीकधी हर्षू वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात येते. आता ती पाचवीत आहे. डबा ठेवायच्या आधी ती कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात धुते. वर बघतही नाही. मला सुरुवातीला वाईट वाटायचे, आता वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे पुढे अनेक येतील आणि माझ्याहून हुशार असतील. ती लहानग्यांना जरूर दाखवा. पण तुमच्या घरात हात पुढे करून उभे असलेले एखादे धाकटे भावंड असेल, तर बटण दाबून निघून जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि आधी तुमचे हात ओले करा.