काट्याची पहिली चिठ्ठी

हिंगणघाटच्या त्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, हंगामातल्या पहिल्या कापूसगाडीच्या वजनाची चिठ्ठी मालकाच्या घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने शेतकऱ्याला द्यावी, अशी रीत होती. ज्याच्या हातून ती जाई, त्याच्या शब्दावर कारखाना चाले. पतीच्या पश्चात धुरपताबाईंनी ती प्रत्येक हंगामात दिली. यंदा नातवाने, अश्विनने द्यायची होती.

गाडी वजनकाट्यावर चढली, वजन दिसले. पण चिठ्ठी निघेना. वजन बाजार समितीकडे पोहोचल्याशिवाय ती छापली जात नसे, आणि काटाघरातल्या संगणकावर नुसते चक्र फिरत होते. मागे गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली.

"बाई, चिठ्ठी काऊन नाई निघून राह्यली?" गिरडहून ट्रॅक्टरने ही पहिली गाडी आणलेल्या कवडूने विचारले. "बैलं असते तं आतापर्यंत बसून गेले असते."

"सरकारी साइट बंद पडली आहे, आजी," अश्विन म्हणाला. "आपण काय करणार?"

बाईंना ते पटले. सरकारच्या माथी खापर फोडले की कोणालाही पटते. रांगेतल्या माणसांना पाणी पाठवावे म्हणून त्या कचेरीकडे गेल्या आणि उंबरठ्यावरच थबकल्या.

हंगामाचा पहिला दिवस, आणि आत एकही मान वर नव्हती. एकाच्या फोनवर क्रिकेट चालले होते, दुसऱ्याच्या फोनवर कोणी बाई कंबर हलवत होती. सासऱ्यांच्या हाताखाली लेखणी धरलेले अण्णाजी मुनीम नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून खिदळत होते. उष्ट्या पत्रावळीवर माशा बसाव्यात, तसे सगळे त्या फोनांवर बसले होते.

"कचेरीतलं इंटरनेट मी बंद करवलं होतं ना, अण्णाजी?"

"बंदच हाय, बाई," अण्णाजी चाचरले. "पण समितीसाठी काट्याचा संगणक तेवढा मोकळा ठेवला ना तुम्ही. छोट्या मालकानं, अश्विननं, त्याच्यातूनच आमाले वाट काढून देल्ली. सारे फोन त्याच्यावरच चालते."

"आणि तुम्ही घेतलीत."

"मालकाचं पोरगं देते, तं नाई कसं म्हणावं?"

"उद्या विष देईल. तेही घ्याल?"

बाईंनी सगळे फोन आपल्यासमोर बंद करायला लावले आणि त्या काटाघरात परतल्या. फोनांचा भार उतरताच चिठ्ठी छापून बाहेर आली होती. ती हातात घेऊन अश्विन हसत उभा होता.

"बघ आजी, साइट सुरू झाली."

बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याचे हसू ओठांवरच वाळले.

"सगळ्याच ऑफिसांत करतात हे," तो पुटपुटला.

"सगळ्यांनी खाल्ली म्हणून घाण गोड होत नाही, अश्विन. चोरवाट काढलीस, त्याची किळस आलीच. पण उन्हात उभ्या माणसाला तोंडावर खोटं सांगितलंस, आणि मलाही, दोनदा." त्यांनी तळवा पुढे केला. "आण इकडे."

"जाऊ द्या ना, बाई," कवडू मध्ये पडला. "पोराच्याच हातानं द्या. रीत हाय तुमच्या घरची."

"रीत आहे, म्हणूनच."

त्यांनी चिठ्ठी घेतली आणि दोन्ही हातांनी कवडूला दिली.

"मग मी काय करू?" अश्विनने विचारले.

"रांगेतल्या प्रत्येक गाडीपाशी जा. उशीर कोणामुळे झाला, ते सांग. साइटचं नाव घेतलंस, तर घरी जेवायला येऊ नकोस."

तो जागचा हलेना. बाई संगणकापुढच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पुढची गाडी काट्यावर घ्यायला सांगितली.