बोंबीलच्या कार्डावरचा रिकामा रकाना

मी बोंबीलचं लसीचं कार्ड बोलतोय. आमच्यासारख्या वस्तू बोलायला लागल्या की गोड बोलतात, आपलं दुःख हसत हसत सांगतात आणि शेवटी माणसांचे आभार मानतात, अशी पद्धत आहे. मला ती जमणार नाही. मी चिडलेलो आहे. कोणाकोणावर, ते सांगतो. त्या यादीत मीही आहे.

वसईच्या एका छापखान्यात पाचशेच्या गठ्ठ्यात माझा जन्म झाला. जाड पिवळसर कागद, मधे एक घडी, पाठीवर जंताच्या औषधाची जाहिरात. आत रकाने होते, प्रत्येकात तारीख, लस, डॉक्टरांची सही आणि पुढची तारीख लिहायला जागा. मला माझे रकाने फार आवडायचे. एकेक रिकामा रकाना म्हणजे कुठल्यातरी कुत्र्याचं किंवा मांजराचं येणारं एकेक वर्ष, असा माझा समज होता.

गठ्ठ्यातून मी आगाशी रस्त्यावरच्या डॉक्टर युजीन यांच्या दवाखान्यात आलो. तिथे एके दिवशी बोळिंजची लतिका कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीतून दोन कान बाहेर डोकावत होते. सोबत तिची मुलगी अनुष्का होती, तेव्हा नववीत. लतिकाकडे मासे घेऊन येणाऱ्या अर्नाळ्याच्या कॅथरीनने हे पिल्लू त्यांच्या गळ्यात मारलं होतं. बोंबील वाळत घालतात त्या वलांडीखाली ते जन्मलं होतं आणि दिसायलाही तसंच होतं, नुसती काडी. "घेऊन जा बाय याला," कॅथरीन म्हणाली होती म्हणे. "पानी पाजा, भात घाला. कोनाला चावायचा नाय हा." म्हणून नाव ठेवलं बोंबील.

"जात कोणती लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"गावठी," लतिका म्हणाली.

"मम्मी, इंडी म्हण ना!" अनुष्का कुजबुजली. डॉक्टरांनी हसून 'देशी' लिहिलं आणि लसीच्या बाटलीवरची चिठ्ठी सोलून माझ्या पहिल्या रकान्यात चिकटवली. वर सही केली, शिक्का मारला. त्या दिवशी मी निव्वळ कागद उरलो नाही, बोंबीलचा झालो. पहिल्या वर्षात माझे चार रकाने भरले. एकही तारीख चुकली नाही, हे लक्षात ठेवा. पुढे ते कोणीच लक्षात ठेवलं नाही.

आता या घराच्या कर्त्या पुरुषाविषयी. रमेश अंधेरीला एका कंपनीत रेकॉर्ड विभागात आहे. माणूस प्रेमळ, पण कागद म्हटलं की त्याचा जीव वरखाली होतो. कोणीतरी ऑफिसात सांगितलं की कुत्र्यामांजरांचाही आता विमा निघतो. झालं. रमेशने तीन कंपन्यांचा तक्ता बनवला. हप्ता, कव्हर, वयाची अट, सगळं वेगवेगळ्या रंगांत. लतिकाने विचारलं, "यात काय काय मिळत नाही, त्याचा रकाना कुठाय?" तर म्हणाला, "अगं, ते सगळ्यांचं सारखंच असतं."

मग अल्पेश नावाचा एजंट घरी आला. चहा झाला, पोहे झाले. मला टेबलावर उघडून ठेवलं होतं. बोंबील अल्पेशच्या बुटावर हनुवटी टेकून झोपला होता.

"साहेब, डॉगचं नाव काय टाकू? बोंबील? रॉकी-बिकी टाकूया का? जरा बरं दिसतं."

"बोंबीलच टाका," अनुष्का म्हणाली.

"बरं. मार्केट व्हॅल्यू किती?"

"म्हणजे?" रमेशने विचारलं.

"म्हणजे विकला तर किती येतील. लॅब्रेडॉर असता तर वीस-पंचवीस हजार लावले असते. गावठीला मार्केट नसतं ना साहेब. मी कमीत कमी टाकतो. चोरीला गेला किंवा मेला तर तेवढे मिळणार. ऑपरेशनचं कव्हर वेगळं, ते साठ हजारांपर्यंत."

ज्याच्या बुटावर झोपून कुत्रा घोरतोय, तो माणूस त्याची किंमत 'कमीत कमी' टाकतो आणि वर पोह्यांवर खोबरं मागतो! मी कागद आहे म्हणून गप्प बसलो. बोंबील कुत्रा असूनही गप्प बसला, कारण तो झोपला होता.

लतिकाने मात्र विचारायचं ते विचारलं. गोचिडतापाचं काय? तो पॉलिसीत नाही. दात? नाही. पहिले तीस दिवस? काहीच नाही. आणि मोठं ऑपरेशन असेल तर आधी कंपनीची परवानगी.

"आणि मांजर असतं तर?"

"मांजराचा हप्ता कमी, मॅडम. मांजरं घरातच असतात ना."

"तुम्ही आमच्या सोसायटीची मांजरं पाहिली नाहीत," लतिका म्हणाली. अल्पेश मोठ्याने हसला आणि बावीस पानांतलं शेवटचं पान रमेशपुढे सहीला सरकवलं. रमेशने सही केली. मधली वीस पानं त्या घरात तेव्हा कोणी वाचली नाहीत.

निघताना अल्पेशने मला बोटाने टकटक केलं. "हे कार्ड सांभाळा हां साहेब. हे गेलं तर क्लेम गेला."

याच वाक्याने माझा घात केला. रमेशने ते मनावर घेतलं. तुम्हाला त्या घरातलं कपाट माहीत नाही. दहावीची मार्कशीट, लग्नाची पत्रिका, अनुष्काच्या जन्माचा दाखला, विजेच्या मीटरची पहिली पावती, सगळं लॅमिनेट केलेलं. बोळिंजच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, म्हणून हा उपाय. आपल्याकडे कित्येकांच्या घरात हेच आहे. ज्या कागदावर जीव, त्याला प्लास्टिकमध्ये घालायचं.

त्याच संध्याकाळी रमेश मला झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेला. मला उघडून सपाट केलं, दोन प्लास्टिकच्या मधे घातलं आणि गरम रुळांमधून काढलं. बाहेर आलो तेव्हा मी चकचकीत होतो, आणि गुदमरलो होतो. माझे रिकामे रकाने दिसत होते, पण त्यांना आता कोणाचा हात लागणार नव्हता. "आता पन्नास वर्षं बघायला नको," रमेश खूश होऊन म्हणाला. अहो, मी मार्कशीट नाही! मार्कशीटवर पुढे काही लिहायचं नसतं. माझ्यावर दरवर्षी लिहायचं असतं!

मार्चमध्ये वर्षाची लस आली. डॉक्टर युजीननी लस टोचली, मला हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला. "रमेश, आता लिहू कुठे मी?"

"वरून चिकटवा ना डॉक्टर."

नवीन कार्डं तेव्हा संपली होती. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी माझ्या प्लास्टिकवर चिकटवली, मार्करने सही केली आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या, नवीन कार्ड देतो." पुढच्या आठवड्यात कोणी गेलं नाही. डॉक्टरांनीही फोन केला नाही. घरी मला फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलं. मे महिन्याच्या उकाड्यात चिठ्ठीची कडा सुटली आणि एके दुपारी ती फ्रिजमागे पडली. गणपतीच्या साफसफाईत लतिकाने ओल्या फडक्याने मला पुसलं, मनापासून, दोन्ही बाजूंनी. डॉक्टरांची सही फडक्यावर गेली. सगळ्यांनी माझी काळजी घेतली आणि सगळ्यांनी मिळून मला पुसून टाकलं.

गणपती गेल्यावर आठवड्याभराने, सकाळी सात वाजता, सोसायटीच्या गेटात पाण्याचा टँकर मागे घेत होते. अनुष्का बोंबीलला फिरवून परत येत होती. ड्रायव्हरने पाहिलं नाही. बोंबीलचा पुढचा उजवा पाय चाकाखाली गेला.

तो आवाज मी तिसऱ्या मजल्यावर फ्रिजवरून ऐकला. त्याचं वर्णन करणार नाही.

डॉक्टर युजीननी जखम धुतली, पट्टी बांधली, एक्स-रे पाहिला. "हाड दोन ठिकाणी मोडलंय आणि जखम उघडी आहे. वसईला सर्जनकडे न्या, प्लेट टाकायला लागेल. आज-उद्यात करा. पाय वाचेल."

पाय वाचेल. हे शब्द मी रमेशच्या शर्टाच्या खिशातून ऐकले; निघताना त्याने मला फ्रिजवरून ओढून खिशात कोंबलं होतं. बाकी सगळं विसरलो तरी हे विसरणार नाही.

खर्च पंचावन्न हजार. लतिका म्हणाली, "अहो, एफडी मोडा."

"अगं, पॉलिसी आहे ना! हप्ता भरलाय आपण. हक्काचं आहे, कोणाची भीक नाही. परवानगी आली की दोन दिवसांत करू."

पहिल्या दिवशी माझा फोटो कंपनीला गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा प्रश्न आला: या वर्षीच्या लसीची नोंद कुठे आहे? चार रकाने भरलेले होते, पाचवा कोरा. त्यावर प्लास्टिक नुसतं चमकत होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दाखला लिहून दिला. लस मीच दिली आहे, अमुक तारखेला. कंपनीचं उत्तर आलं: दाखल्याची तारीख अपघातानंतरची आहे, ग्राह्य नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतःच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवला. कंपनी म्हणाली, पडताळणीला पाठवलंय. अल्पेश फोन उचलत नव्हता. उचलला तेव्हा म्हणाला, "साहेब, सिस्टम घेत नाहीये, मी काय करू?"

पाचव्या दिवशी लतिकाने फोन हिसकावून घेतला. पलीकडे कोणीतरी मुलगी सारखं एकच वाक्य म्हणत होती, मॅडम, लसीकरण ही पॉलिसीची अट आहे.

"अहो, त्याला टँकरने चिरडलंय!" लतिका ओरडली. "मग टँकरला लस दिली होती का ते विचारा ना!"

पलीकडून तेच वाक्य पुन्हा.

आणि बोंबील? गादीवर पडून होता. पट्टी बदलताना आधी कण्हायचा, नंतर नंतर कण्हायचाही बंद झाला. पट्टीला वास यायला लागला. रमेश रोज रात्री त्याच्याजवळ बसून डोकं कुरवाळायचा आणि म्हणायचा, "उद्या येतेय परवानगी, बाळा." मला सांगा, मी कोणावर ओरडू? ज्यांनी अट लिहिली त्यांच्यावर? ज्याने ती सांगितली नाही त्या अल्पेशवर? नवीन कार्ड द्यायचं राहून गेलेल्या डॉक्टरांवर? अंगावरची सही पुसू देणाऱ्या माझ्यावर? की हक्क हक्क करत सहा दिवस घालवणाऱ्या या भल्या माणसावर? मी खिशात होतो, त्याच्या छातीला लागून. त्याची धडधड मला कळत होती. तरीही मी त्याला माफ केलेलं नाही.

सहाव्या दिवशी नकार आला. सातव्या दिवशी रमेशने एफडी मोडली आणि बोंबीलला वसईला नेलं. सर्जनने पट्टी सोडली आणि फक्त एवढंच म्हणाले, "उशीर केलात." पाय खांद्यापासून काढावा लागला.

बोंबील जगला. महिन्याभरात तीन पायांवर उड्या मारत जिन्यापर्यंत जायला लागला. लघवीला पाय वर करायला जातो आणि पडतो, पुन्हा उठतो. अनुष्का हसत नाही, तोंड फिरवते. कॅथरीन दारात टोपली उतरवते तेव्हा त्याच्याकडे बघून एक मांदेली जास्त टाकते.

फेब्रुवारीत कंपनीचा मेसेज आला. आपण या वर्षात एकही दावा न केल्याबद्दल नूतनीकरणावर दहा टक्के सवलत! खाली बारीक अक्षरात: आधीपासून असलेल्या अपंगत्वाशी संबंधित उपचार वगळण्यात येतील. रमेशने फोन टेबलावर उपडा ठेवला. लतिकाने तो उचलला, ती बावीस पानं काढली आणि जेवणाच्या टेबलावर बसून पहिल्यांदा पूर्ण वाचली. हातात पेन्सिल. मधे दोनदा डोळे पुसले. लसीची अट सतराव्या पानावर होती, आणि तिच्याच खाली लिहिलं होतं की नोंद 'त्या वेळी कार्डावर केलेली' असावी. शिव्या तिने मोठ्याने दिल्या, मराठीत आणि हिंदीत. मला बरं वाटलं.

माझं सांगणं एवढंच. कुत्र्याचा विमा काढा की काढू नका, तुमची मर्जी. पण काढलात तर हप्ता आणि कव्हर बघण्याआधी काय मिळणार नाही ते वाचा, आणि कोणती नोंद कुठे लागते ते विचारा. माझ्यासारख्या कागदाला शोभेची वस्तू करू नका. आम्ही मळलो, दुमडलो, चहाचे डाग पडले तरी चालतं. आमच्यावर लिहिता आलं पाहिजे.

काल मार्चची लस होती. डॉक्टर युजीननी खणातून कोरं कार्ड काढलं आणि मला बाजूला सारलं. आता मी कचऱ्यात जाणार की कपाटात, मला माहीत नाही. माझी त्याबद्दल तक्रारही नाही.

डॉक्टर नवं कार्ड भरत होते. नाव, बोंबील. जात, देशी. रंग, तांबूस. मग पेन थांबलं.

"ओळखीची खूण काय लिहू?"

अनुष्का खाली बघत राहिली. बोंबील टेबलावर उभा होता, रमेशच्या दंडाला टेकून, तोल सांभाळत. रमेशने त्याला नीट धरलं.

"तीन पाय," तो म्हणाला. "लिहा डॉक्टर. तीन पाय."