शेपटाची वाट पाहणारी माणसं

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे आणि माणसांच्या अकलेबद्दल माझं मत फारसं बरं नाही. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये मला पोपटांसाठी घडवलं. पण १९९७च्या उन्हाळ्यात माझ्यात कोंबलं गेलं ते तांबूस केसांचं एक पिल्लू. बोर्निओच्या जंगलातून ते कुणीतरी चोरून आणलं आणि एका कंपनीच्या मालकाने पाहुण्यांपुढे मिरवायला विकत घेतलं. सुट्टीवर जाताना त्याने आम्हां दोघांना आपल्या अकाउंटंटच्या, दत्तप्रसादांच्या, अल ऐन शहरातल्या घरी टाकलं. दत्तप्रसाद मालकापुढे मान हलवण्यात पटाईत.

त्यांच्या पत्नीने, शोभनाताईंनी, तर कहरच केला. पिल्लाला पाहताच हात जोडले. "अगंबाई, मारुतीराया घरी आले!" मग दर शनिवारी त्याच्या कपाळाला शेंदूर आणि पुढ्यात नारळ. त्यांची लेक शुभ्रा म्हणाली, "बट आई, ही हॅज नो टेल!"

"बाळ आहे गं अजून. दात येतात ना, तसं शेपूटही येईल."

म्हणे शिकलेली माणसं! पिल्लाला जंगल आठवत असेल, हे एकाही शनिवारी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पिल्लू खाईना. माझे गज छातीशी धरून बसून राहायचं. खोकू लागलं, तेव्हा कुठे जनावरांच्या डॉक्टर हाफिजा आल्या. त्या मूळच्या रत्नागिरीच्या. शेंदूर पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"भाभी, हे माकड नाय. ओरांगउटान आहे, वनमानुष. याला शेपूट कधीच येणार नाही. आणि याची आई जिवंत असेपर्यंत पिल्लाला सोडत नाही. म्हणून आधी तिला गोळी घालतात. इथे ठेवलंत तर हेही मरेल. सरकारी प्राणिसंग्रहालयाला आजच कळवा."

शोभनाताईंनी पदराने त्याच्या कपाळावरचा शेंदूर पुसला. दत्तप्रसादांची काळजी वेगळीच. "बॉसला काय सांगू? व्हिसा कॅन्सल करेल तो!"

"करू दे," शोभनाताई रडत म्हणाल्या. "यल्ला, चला, फोन लावा."

न्यायला माणसं आली, तेव्हा पिल्लू माझे गज सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. आई म्हणून बिलगायला त्याला लोखंड दिलंत तुम्ही! मला, लोखंडाला, त्याची लाज वाटली.

औषधांनी पिल्लू वाचलं, असं हाफिजा सांगून गेल्या. पुढे त्याला जंगल दिसलं की नाही, मला ठाऊक नाही. मालक परतला आणि फोनवर म्हणाला, "खलास, गेलं ते गेलं. पिंजरा धुऊन ठेव, दुसरं मागवलंय."

दत्तप्रसादांनी माझ्या रिकाम्या गजांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही सर. मी नाही ठेवणार." त्याच दुपारी त्यांनी माझं दार वेल्डरकडून कापून घेतलं. नोकरी गेली, कुटुंब पुण्याला परतलं आणि मी भंगारात आलो. मला त्याचं दुःख नाही.

मित्रांनो, असं पिल्लू पाहून कुणी म्हणालं, "किती गोड! घरी नेऊ या," तर त्याला एवढंच विचारा: "मग याच्या आईला कोण मारणार, तू की मी?"