रंगरावभाऊंचा सत्कार

माझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाई अख्ख्या रहाटणीला सांगत असतात. खरंच आहे ते. चाकणला आमच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. पार्ट वाकडा असला की वाकडाच म्हणते, मग कुणी रुसो की फुगो. म्हणूनच रंगरावभाऊंच्या सत्काराचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

भाऊ धाराशिवकडचे. पत्रा दाबून पार्ट काढतात त्या प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून लागले, आणि केस पिकले तरी ठेकेदाराचेच राहिले. एकच ध्यास, पर्मनंट व्हायचं. आमच्याकडे पर्मनंटवाल्यांच्या शर्टाच्या खिशावर नाव भरलेलं असतं, ठेकेदाराच्या माणसांचा खिसा कोरा. जेवायला बसलं की भाऊ माझ्या खिशावरचं 'दीपमाला' वाचायचे आणि म्हणायचे, "एक दिवस आमचं बी येईल, ताई."

आलं काय, तर रोबो. त्यांच्या प्रेसवर रोबो बसवायचा आणि महिनाअखेरीला भाऊंना कमी करायचं, असं वरून ठरलं. शॉपमध्ये कुजबुज झाली, भाऊंच्या कानावर तेवढी घालायची कुणाची छाती झाली नाही. ते काम आलं नव्या मॅनेजरांकडे, अजिंक्य साहेबांकडे. वाकडच्या टॉवरमध्ये राहणारा पोरगा. मनाने वाईट नाही हो, पण नुकताच हॉटेलात लीडरशिपचं ट्रेनिंग घेऊन आलेला. वाईट बातमी द्यायची तर आधी माणसाचा सन्मान करा आणि शेवट आशेवर करा, असं तिथे शिकवलं म्हणे. साहेबांनी काय करावं? शाल आणि नारळ मागवला!

सकाळच्या मीटिंगला सगळी शिफ्ट उभी होती. साहेब म्हणाले, "रंगराव म्हणजे या शॉपचा कणा. त्यांच्या कष्टांची कंपनीने दखल घेतली आहे. एक तारखेपासून त्यांच्या आयुष्यात नवा अध्याय सुरू होतोय. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा!" शाल खांद्यावर, नारळ हातात, टाळ्या. तुमचं काम संपलं, एवढंच सांगायचं राहून गेलं.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात निवडून आलेल्याला शाल, पास झालेल्याला शाल. भर नोकरीतून काढलेल्याला शाल घातलेली कुणी पाहिलीय का? भाऊंचे डोळे भरून आले. ते वाकून त्या पोराच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, माणूस पेढे घेऊन आला. "ताई, झालो बघा पर्मनंट!" सगळ्यांनी पेढा घेतला, "अभिनंदन भाऊ" म्हटलं आणि आपापल्या मशीनवर गेले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

मी तडक केबिनमध्ये गेले. "साहेब, त्यांना कळलेलं नाही."

"मी सांगितलंय, मॅडम. पॉझिटिव्ह पद्धतीने."

"कसलं पॉझिटिव्ह! पेढे वाटतोय तो माणूस!"

साहेबांचा चेहरा पडला. पेन उघडत-मिटत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमच्या ओळखीचे आहेत ना ते? तुम्हीच सांगता का? प्लीज." भीड भिकेची बहीण म्हणतात, पण इथे भीड साहेबांची आणि भीक भाऊंच्या वाट्याला.

मला घाई वेगळीच होती. भाऊंचा मेव्हणा भीमराज तळेगावला एका कंपनीत सुपरवायझर. त्याने भाऊंसाठी एक जागा धरून ठेवली होती. ती हातची जायच्या आत भाऊंना कळायला हवं होतं. पण केबिनमधून बाहेर येते तो भाऊ अर्धी रजा टाकून घरी गेलेले; रविवारी त्यांच्याकडे सत्यनारायण होता, पर्मनंट झाल्याचा. मी पूजेच्या आधीच गेले. भाऊ दारातच केळीचे खुंट बांधत होते. तिथेच, एका दमात सांगून टाकलं.

सुतळी हातात तशीच राहिली. मग म्हणाले, "मग शाल कशाला घातली, ताई?"

मी विचारलं, "तळेगावची जागा?"

"भीमराजला कालच नाही म्हणालो. त्यानं दुसरा माणूस लावला बी." त्यांनी खुंटाला गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "हिला आज नका सांगू. पूजा होऊ द्या."

तेवढ्यात आतून सुभद्रावहिनी आल्या. हातात नवा शर्ट. शिंप्याकडून खिशावर नाव भरून आणलं होतं, लाल दोऱ्याने: रंगराव. "कंपनी देईल तवा देईल, आज पूजेला हाच घाला," म्हणाल्या. भाऊंनी शर्ट घातला. वहिनींनी वरचं बटण लावलं आणि ती शाल आणून त्यांच्या खांद्यावर ठेवली.

मग माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमी व्हतात ना तिथं? ह्यांना काय नीट सांगता येईना. साहेब काय काय बोलले वो?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. जिभेला हाड नसलेली मी, तोंड उघडलं आणि म्हणाले, "लई छान बोलले, वहिनी. कंपनीचा कणा म्हणाले."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत मला हळदी-कुंकू लावायला आत घेऊन गेल्या.